शंभर टक्क्यांची वजाबाकी

शंभर टक्के निकाल लागला म्हणून कुणी एखाद्या शाळेचं कौतुक करायला लागलं की आजही माझं डोकं सणकतं. लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर एसटीत, मी तोंड उघडतेच. "नववीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली, ते विचारा आधी," असं म्हणते. समोरच्याला वाटतं, म्हातारी निवृत्त झाली तरी हिची मास्तरकी काही सुटली नाही. मास्तरकी केव्हाच सुटली. राग सुटलेला नाही, आणि तो सुटावा असं मला वाटतही नाही.

आमची शाळा नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाताना लागायची. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. मुलं बहुतेक थर्मलच्या, म्हणजे तिथल्या औष्णिक वीजकेंद्राच्या, कंत्राटी कामगारांची, काही मळ्यांतली, काही पलीकडच्या वस्तीतली. वारा उलटा असला की राख यायची आणि पहिला तास सुरू होण्याआधी बाक पुसावे लागायचे. मी आठवी ते दहावीला गणित शिकवायचे आणि नववीची वर्गशिक्षिका होते.

नव्वदीच्या मध्यावर एका वर्षी दहावीची सगळी मुलं पास झाली. वर्गच तसा होता, त्यात आमचं फारसं कर्तृत्व नव्हतं. मुख्याध्यापकांनी मात्र पेंटर बोलावला आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर 'दहावीचा निकाल १००%' असं रंगवून घेतलं. त्यानं अक्षरं एवढी मोठी काढली की खाली वर्ष लिहायला जागाच उरली नाही. जूनमध्ये पाचवीला कधी नव्हे ते रांग लागली. संस्थेचे अध्यक्ष स्वतः येऊन सरांच्या गळ्यात हार घालून गेले.

पुढच्या वर्षी दोघं नापास झाली. तीस मुलांच्या वर्गात एक नापास झाला तरी तीन टक्क्यांहून जास्त जातात. मोठ्या शाळेत पाचपन्नास नापास झाले तरी आकडा कसाबसा सावरतो, आमच्यासारख्या लहान शाळेत एकेक मूल डोळ्यांवर येतं. त्या उन्हाळ्यात सर भिंतीकडे न बघता फाटकातून आत यायचे. अशाच दिवसांत त्यांना सतरा नंबरच्या फॉर्मचा शोध लागला.

हा फॉर्म भरून कुणालाही बाहेरून दहावीला बसता येतं. शाळा सुटलेल्यांसाठी, कामाला जाणाऱ्यांसाठी केलेली ही सोय आहे आणि चांगली सोय आहे. पण अशा मुलांचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. सरांना एवढंच हवं होतं. सुंठेवाचून खोकला जाणार होता.

तेव्हापासून एप्रिलअखेर यादी व्हायला लागली. नववीत जे कच्चे, त्यांची यादी. ती मी करायची, कारण वर्गशिक्षिका मी. एक मेला झेंडावंदन झालं, प्रगतिपुस्तकं वाटून झाली की यादीतल्या पालकांना ऑफिसात बोलवायचं. सर अगदी घरच्यासारखे बोलायचे. "मूल नापास आहे. इथंच ठेवायचं म्हणाल तर पुन्हा नववी. दाखला नेत असाल तर नववी पास करून देतो, बाहेरून दहावीला बसवा. तुमच्याच भल्याचं सांगतोय." माणसं हात जोडायची. पोरगं पास झालं या आनंदात दाखला घेऊन जायची. आपल्याला शाळेतून हाकललंय हे घरी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात यायचं नाही, कित्येकांच्या तर कधीच आलं नाही. दाखल्यासाठी पालकांचा अर्ज लागायचा. 'आम्ही आमच्या पाल्याचा दाखला स्वखुशीने नेत आहोत.' हे अर्ज मी लिहून तयार ठेवायचे.

एकदा मी स्टाफरूममध्ये म्हटलं, "सर, कच्च्या मुलांना शिकवायचं म्हणूनच आपण आहोत ना?"

सर हसले. "मॅडम, ही मुलं कशात नापास होतात ते जरा बघून या."

गणितात व्हायची. माझ्याच विषयात. सगळे माझ्याकडे बघत होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणातली पोरंच बाहेर काढायला मदत करत होते.

त्या वर्षी यादीत सहा नावं होती. त्यांतली एक मुलगी वस्तीतली. वडील थर्मलला कोळशावर कंत्राटी कामाला, आई वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस. गणितात तिला शंभरात सत्तावीस गुण होते. ती मठ्ठ नव्हती, सावकाश होती. फळ्यावरचं उदाहरण तिला कळायचं, पण मी पुढच्या उदाहरणावर गेले तरी ती आधीच्याच उदाहरणाच्या तिसऱ्या पायरीवर असायची. तीन तासांचा पेपर तिला चार तासांत सहज सुटला असता. वर्षभर रोज पंधरा मिनिटं जास्त दिली असती तर पस्तीस काय, पंचेचाळीस गुण तिनं काढले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिची आई डाळ शिजायला टाकून आली होती, त्यामुळे तिचं निम्मं लक्ष तिकडं होतं. सरांचं ऐकून झाल्यावर ती त्यांच्याशी बोललीच नाही, माझ्याकडे वळली.

"मॅडम, शाळेतून नाव काढल्यावर ही दहावीला बसंल ना? मी सातवी हाय, म्हणून मदतनीस. सेविका व्हायला दहावी लागती. आमच्या सेविकाबाई चार-सहा वर्षांत घरी बसतील. पोरगी दहावी झाली तर त्या जागेला अर्ज करंल. माझ्यावानी भांडी घासाय नको तिला."

"बसेल ना. फॉर्म मी स्वतः भरून देईन," मी म्हणाले.

"तुम्ही भरणार? मग नाय मला काळजी."

तिनं अर्जाखाली सावकाश, पूर्ण नावानं सही केली. पोरगी दाराशी उभी होती. पास झाली म्हणून ती खूश होती. जाताना माझ्या पाया पडली.

शाळा सुरू झाल्यावर जुलैत ती दोन फोटो आणि दाखल्याची प्रत घेऊन आली. मी ते पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवलं. गणपती झाल्यावर ती पुन्हा येऊन गेली. "फॉर्म सुटले का, मॅडम?" मी म्हणाले, "सुटले की कळवते." आणि मला खरंच कळवायचं होतं. पण उरलेल्या पोरांना शंभर टक्क्यांत बसवायचं म्हणून सकाळी जादा तास, संध्याकाळी जादा तास, रविवारी सराव परीक्षा असं चाललं होतं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्याच कपाटात येऊन पडत होते आणि पाकीट त्यांच्याखाली गेलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर क्लार्क सहज बोलता बोलता म्हणाले, "सतराचे फॉर्म बंद झाले बरं का. लेट फीची तारीखपण गेली." मी जागेवरून उठले आणि गठ्ठे भराभर खाली टाकले. पाकीट होतं तिथंच होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बोर्डाच्या ऑफिसला गेले. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं की तारीख गेली म्हणजे गेली. तो चुकत नव्हता. मला त्याच्याशी भांडायचं होतं, पण भांडायला कारण नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी वस्तीत गेले. ती दारात पोत्यावर बसून गणित सोडवत होती. शाळेबाहेर पडून सहा महिने झाले होते. शिकवायला कुणी नाही, कसलंसं जुनं गाइड मिळवून ती त्रिकोणमितीपर्यंत आली होती. माझ्या जादा तासांना बसणारे काही दिवटे तोवर तिथं पोचले नव्हते.

"बरं झालं मॅडम आल्या. हे एक अडलंय," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसून ते उदाहरण सोडवून दिलं. मग सांगितलं.

"म्हणजे यंदा नाय?"

"यंदा नाही."

तिनं पेन्सिल कंपासपेटीत ठेवली आणि पेटी लावली. आई आतून पाणी घेऊन आली. तिनं ऐकलं होतं. "असू द्या, मॅडम. तुमच्यामागं का कमी कामं असतात?" ती म्हणाली. माझी बाजू तीच मांडायला लागली. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, ओरड माझ्यावर. शिव्या दे. वस्ती गोळा कर. उद्या शाळेत येऊन सरांच्या टेबलावर हात आपट, मी तुझ्याबरोबर उभी राहते. तिनं यातलं काही केलं नाही. पोरगी म्हणाली, "शाळेचा निकाल चांगला लागू द्या, मॅडम," आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

निकाल चांगला लागला. शंभर टक्के. पेढे आले. सरांनी भिंतीवर नवा रंग दिला. मी पेढा खाल्ला नाही, एवढाच काय तो माझा निषेध. कुणाच्या लक्षातही आला नाही.

पुढच्या वर्षी तरी फॉर्म भरता आला असता, हे वाचणाऱ्याच्या मनात आलंच असेल. आला असता. मी गेलेच नाही. कोणत्या तोंडानं जाऊ, असं मला वाटायचं. ही लाज मला फार मोठी, फार प्रामाणिक वाटायची. आज कळतं की ती फक्त सोयीची होती. माझ्या लाजेपायी एका पोरीचं दुसरं वर्षही गेलं. आणि एप्रिलअखेर मी पुन्हा यादी केली, या वेळी पाच नावांची. राग राग म्हणते, पण तेव्हा कुठं गेला होता तो? सरांवर चिडायला मला निवृत्तीपर्यंत वेळ मिळाला नाही, असं आता स्वतःला ऐकवते.

सहा-सात वर्षांनी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात मला तीच वस्ती आली. असली कामं शिक्षकांच्याच गळ्यात पडतात. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत अंगणवाडी भरत होती. दारातच खिचडीचं पातेलं होतं आणि ते ढवळत ती बसली होती. आईचे गुडघे गेले होते, म्हणून आईच्या जागी मदतनीस म्हणून हिला घेतलं होतं. सेविकेच्या जागेवर दुसऱ्या वस्तीतली एक दहावी झालेली आली होती. "चांगली हाय ती. मला कामात समजून घेती," पोरगी म्हणाली. आता पोरगी कसली, तिच्या पदराला तिचंच एक लेकरू लटकलेलं होतं.

तिनं हात धुतले आणि सगळ्या लेकरांना उभं केलं. "ह्या माझ्या मॅडम. ह्यांनी मला गणित शिकवलं. नमस्ते म्हणा." लेकरं जीव खाऊन ओरडली.

मी सर्वेक्षणाचा फॉर्म काढला. तिच्याच घरापासून सुरुवात केली. घरात माणसं किती, लहान मुलं किती, शाळेत जाणारं कोण. मग घरातल्या मोठ्यांच्या शिक्षणाचा रकाना आला. माझा पेन थांबला.

"लिहा ना मॅडम, नववी पास," ती म्हणाली. "तुम्हीच तर केलं होतं."