एका बॉक्सवर चार घरं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटातल्या मैत्रिणींजवळ नाही, आईजवळही नाही. आणि मी कोण? तर गावोगाव पत्रकं वाटत फिरणारी, लोकांना तोंडावर ‘खोटं बोलू नका’ म्हणून सुनावणारी. साप चावला की भगताकडे नको, आधी दवाखाना — हे एकच वाक्य शहापूर आणि मुरबाडच्या किती पाड्यांवर ओरडले असेन, देव जाणे. देव कसला — मीच जाणे.

आधी आमचा टीव्ही सांगायला हवा, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. तानसाच्या अलीकडे आमचा पाडा. डिशची छत्री आणि बॉक्स फक्त आमच्या घरी. भावानं बॉक्सच्या मागे स्प्लिटर लावला — एका वायरीच्या तीन करणारी डबी — आणि कौलांवरून तीन शेजाऱ्यांकडे वायरी नेल्या. टीव्ही ज्याचा त्याचा, रिमोट आमचा. आमच्याकडे जे लागेल तेच चारी घरांत दिसणार. मग अंगणातून हाका: “अगो, बातम्या कशाला लावल्यास? मालिका लाव. त्या सुनेला कालपासून कोंडलंय, जेवली का नाय ते तरी बघू दे.” आपल्यापुरतंच काही बघायचं असलं, लग्नाचं शूटिंग वगैरे, तर स्प्लिटरचा स्विच बंद करायचा. आमच्या टीव्हीखालीच आहे तो. लाल दिवा विझला की बाकीचे पडदे कोरे.

सुनंदावहिनी शेजारच्या काकूंची सून. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला बांधावर घोणस चावली. घरच्यांना ठाऊक होतं ते एवढंच — तिचा नवरा, आमचा दत्तादादा, त्या दिवशी मोटारसायकल घेऊन आटगावला कामावर गेलेला, वहिनीला रस्त्यावर गाडी मिळेना, दवाखान्यात पोचायला उशीर झाला. पोर गेलं. दादानं मोटारसायकल विकून टाकली. दोन वर्षं एकच बोलायचा: “मी गाडी नेली नसती तर.”

वहिनी आपणहून माझ्याकडे आली. म्हणाली, माझं बोलणं मोबाइलवर घे, दुसऱ्या कुणाचं पोर असं जायला नको. आणि तिनं सांगितलं. गाडी मिळाली असती. ती आधी वाटेवरच्या भगताकडे थांबली होती. त्यानं पाणी मंतरलं, पाला बांधला, ती तासभर बसून राहिली. पोराच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा उठली. मी मोबाइल धरून बसले होते. तिची अट एकच — “मुरबाडकडं दाखव, तिकडं मला कोण वळखत नाय. आपल्या पाड्यात नको गो. यांना कळलं तर मी कुठं जाऊ?”

शपथ वगैरे मी मानत नाही. तरी गळ्याला हात लावून घेतली.

त्याच आठवड्यात आमच्याच पाड्यातल्या एका मुलीला साप चावला. नेली भगताकडे. वाचली — बिनविषारी असणार, दुसरं काय? पण भगताचा जयजयकार झाला, आणि मी वाटलेल्या पत्रकात कुणीतरी मला सुकट बांधून दिली. माझं डोकं फिरलं. कुणासाठी घसा फोडायचा मी?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मालिकेच्या वेळेला, मी तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन बॉक्सला लावला. मुरबाडच्या कार्यक्रमाआधी मोठ्या पडद्यावर आवाज नीट येतो का, ते बघायला. घरात एकटीच होते. आणि चारी टीव्हींवर मालिकेच्या जागी सुनंदावहिनी दिसायला लागली.

नंतर कळलं, ती तेव्हा आपल्या घरी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला तिचाच आवाज ऐकू आला. काकू टीव्हीसमोर. दादा नुकताच कामावरून येऊन पाय धूत होता, तसाच ओल्या पायांनी आत आला आणि उभ्यानं शेवटपर्यंत ऐकलं. ओरडला नाही. हात उगारला नाही. टीव्ही बंद करून बाहेर गेला. तेव्हापासून तो तिच्याशी बोललेला नाही. काकू तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. एका घरात दोन चुली झाल्यात, एक तिच्या एकटीची.

मी सगळ्यांना काय सांगितलं? स्विच बंद करायचा विसरले.

विश्वास ठेवला लोकांनी. विसरतं माणूस. गटात तर कौतुकच झालं — चुकून का होईना, पाडा जागा झाला म्हणे. झालाही. नंतर एका म्हाताऱ्याला साप चावला तेव्हा भगताचं नावही कुणी काढलं नाही, सरळ दवाखान्यात नेलं. वाचला तो. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाहीये. घडलं म्हणून सांगतेय.

बरं, विसरले असं धरून चाला. पण व्हिडिओ सुरू झाल्या झाल्या काकूंच्या घरातून वहिनीचा आवाज आला. आमच्या टीव्हीतून एक, भिंतीपलीकडून दुसरा, मग पलीकडच्या दोन्ही घरांतून. तीच वाक्यं. तेव्हा तरी कळलंच ना? रिमोट माझ्या हातात होता. एक बटण. नऊ मिनिटांचा व्हिडिओ — आणि मी नऊ मिनिटं बसून राहिले.

हेही अर्धंच.

मी विसरले नव्हते. पेनड्राइव्ह लावायला वाकले तेव्हा लाल दिवा माझ्या डोळ्यांसमोर होता, वीतभर अंतरावर. स्विचवर बोट ठेवलं होतं मी. ठेवलं, आणि उचललं. मनात आलं — बघू देत एकदा. कळू दे साल्यांना. त्या क्षणी मला वहिनी आठवलीच नाही, फक्त सुकटीचा तो कागद आठवला. माझंच बोट होतं ते. आजही भाजी चिरताना, पत्रकं मोजताना मधेच त्या बोटाकडे लक्ष जातं, आणि धक्का बसतो तो पहिल्या दिवसाइतकाच. भगत तरी पोराला वाचवायला बसला होता. मी कशाला बसले होते?

दादा तेव्हा आमच्या दारात आला होता, मला जाब विचारायला. त्याला अडवलं कुणी? वहिनीनं. म्हणाली, “तिला कशाला बोलता? पोर इसरली. मी सांगितलंच नसतं तर झालं असतं का?”

परवा भाताच्या आवणीला आम्ही दोघी शेजारी होतो. आता तिच्या शेजारी कुणी बाई फारशी राहत नाही, मी राहते. चिखलात वाकूनच, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “त्या दिवशी आमच्या घरातला आवाज तुला आला नाय का गो? मधी भिंत तर कुडाची.”

मी म्हटलं, “नाय वहिनी. आमच्या टीव्हीचा आवाज मोठा होता.”

तिनं हातातल्या जुडीतली अर्धी रोपं मला दिली आणि पुढच्या ओळीला लागली. मीही लागले.