मेहुण्याला येणारे अकरा प्रश्न

कचेरीत त्याला सगळे ‘तागडी’ म्हणत आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. बावीस देशांतले लोक मोबाइलवर एकाच वेळी खेळतात, अशा एका सामान्यज्ञानाच्या खेळाचे प्रश्न निवडायचं त्याचं काम होतं. प्रश्न लिहिणारे वेगळे, हा पाखडणारा.

पहिल्याच वर्षी त्याने हात पोळून घेतला होता. ‘रस्ता ओलांडताना आधी कुठे बघावं?’ हा प्रश्न त्याने डोळे झाकून पास केला. उत्तर ठेवलं ‘उजवीकडे’. ज्या देशांत गाड्या दुसऱ्या बाजूने धावतात, तिथल्या लोकांनी तक्रारी करून जीव नकोसा केला. तेव्हापासून त्याने एक पद्धत घालून घेतली. प्रत्येक प्रश्न आधी जगाच्या पाच भागांतल्या शंभर-शंभर लोकांना विचारायचा. एकीकडे ऐंशी जणांना आला आणि दुसरीकडे चाळिसांनाच, तर प्रश्न कितीही देखणा असो, बाद.

वर्षअखेरच्या अंतिम फेरीत दहा खेळाडू आणि चाळीस प्रश्न. ती यादी तो वर्षभर जुळवत आणी. यंदाची यादी तयार होऊन कपाटात बंद होती. सोमवारी दहा खेळाडूंची नावं आली आणि नवव्या नावावर त्याची नजर अडकली. ते त्याच्या मेहुण्याचं होतं.

मेहुणा शिंपी. दोन मशिनांचं छोटं दुकान. पॅन्टचे पाय आखूड करता करता कानात इयरफोन घालून माहितीचे कार्यक्रम ऐकायचा. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना खेळायला बंदी होती, पण तो नियम तागडीनेच पूर्वी लिहिला होता आणि त्यात नवरा-बायको, मुलं, आईवडील, भावंडं एवढेच धरले होते. बायकोचा भाऊ त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

संध्याकाळी मेहुणा घरी हजर.

“भाऊजी, घाबरू नका, काही विचारायला आलो नाही. ताईच्या हातचा चहा प्यायला आलोय.”

“विचारलंस तरी सांगणार नाही.”

“ठाऊक आहे हो! तुम्ही स्वतःच्या लग्नात मुलीला होकारसुद्धा तपासून दिलात.” मेहुणा खो खो हसला. “पहिला आलो ना, तर दुकानावर पाटी लावणार. जगज्जेता. पॅन्ट आखूड करून मिळेल.”

बायको हसली. तागडी हसला नाही. त्याला यादीतला सतरावा प्रश्न आठवला होता: शिवणयंत्राच्या सुईचं नेढं कुठे असतं? टोकाजवळ, मधोमध, की वरच्या बाजूला?

मंगळवारी सकाळी कुलूप उघडून त्याने सतरावा प्रश्न काढला. जागेवर राखीव प्रश्न घातला. हायसं वाटायला हवं होतं, पण खुर्चीत बसवेना. सुईचा प्रश्न पाचही भागांत जवळपास सारख्या लोकांना आला होता. इतका सरळ प्रश्न वर्षात दुसरा नव्हता. राखीव प्रश्न त्या मानाने तिरका. म्हणजे आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून आपण बाकी नऊ जणांच्या पुढ्यात कमअस्सल माल ठेवला. त्याने सुई परत घातली. जेवणाच्या सुट्टीत परत काढली.

मग त्याने सगळी यादी वाचायला घेतली. पक्ष्यांवरचा प्रश्न? मेहुण्याला येईल. बुद्धिबळ? येईल. समुद्राच्या भरती-ओहोटीचा? गेल्याच महिन्यात जेवताना बोलला होता. मोजले तर अकरा निघाले. अकरा काढावेत? मग ती मेहुण्याला पाडायची यादी झाली. ठेवावेत? मग ती त्याला जिंकवायची यादी. तो व्हरांड्यात गेला, पाणी प्यायला, परत आला, पुन्हा गेला. शिपाई म्हणाला, “साहेब, फरशी झिजेल.”

बुधवारी दुपारपर्यंत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. यादी वाचताना त्याला आता दहा माणसं दिसत नव्हती. एकटा मेहुणाच दिसत होता.

तो उठला आणि विभागप्रमुख बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी चष्मा काढला.

“नियमात तर बसतंय.”

“नियम मीच लिहिलाय. म्हणून तर सांगतोय.”

“मग दोनच वाटा. मेहुण्यांना बाहेर काढायचं, नाहीतर तुमची यादी बाजूला ठेवायची. वर्षाची मेहनत आहे तुमची. विचार करा.”

“त्याने काय केलंय? तो उत्तरं देत देत इथवर आला. घोळ माझ्या डोळ्यांत आहे.” त्याने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. “यादी रद्द करा. तपासलेले हजारेक प्रश्न पडून आहेत. कुणीतरी दुसऱ्याने चिठ्ठ्या टाकून चाळीस उचलावेत. कोणते, ते मला कळू देऊ नका. आणि घरी यातलं काही जायला नको.”

“चिठ्ठ्या टाकलेली यादी तुमच्यासारखी जुळणार नाही हो.”

“नाही जुळणार,” तो म्हणाला. हेच त्याला सर्वांत जास्त खुपत होतं.

रविवारी अंतिम फेरी झाली. घरच्या पडद्यावर तो पहिल्यांदाच इतरांसारखा, पुढचा प्रश्न माहीत नसलेला, बघत होता. चिठ्ठीने तीन प्रश्न एकट्या खेळांचे आणले, दोन पदार्थविज्ञानाचे लागोपाठ. प्रत्येक वेळी त्याचा हात लाल पेनाकडे जाई आणि खिसा रिकामा लागे. मेहुणा सातवा आला.

तासाभरात तो दारात उभा. तोंड उतरलेलं, पण जीभ शाबूत.

“बरं का ताई, तुझ्या नवऱ्याने मला पद्धतशीर धुतलं. कुठून कुठून शोधता हो असले प्रश्न, भाऊजी?”

तागडीने उठून पडदा बंद केला.

बायको चहाचा कप भावापुढे जरा जोरातच ठेवत म्हणाली, “घरच्या माणसाचं नका बघू, बरोबर आहे तुमचं. पण जगात शिंपी काय एकट्या आपल्याच घरात आहेत? वर्षभर बसला होतात ना प्रश्न निवडत? शिवणकामावरचा एक, एकच, घातला असता तर काय बिघडलं असतं?”

दोघंही त्याच्याकडे बघत होते.

“राहून गेलं,” तो म्हणाला, आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथेही त्याला फार वेळ उभं राहवलं नाही.