बाराव्या दिवसापर्यंतच्या गुळण्या

ब्याण्णव सालची गोष्ट. न्हावा शेवाच्या बंदरात नोकरीला असलेल्या अंकुशला मुलगी झाली आणि त्याच्या थोरल्या बहिणीला, हौसाला, आभाळ ठेंगणं झालं. आई गेल्यावर या भावाला तिनेच कडेवर वाढवलेलं. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या एकच.

पण पाचवीच्या पूजेला अंकुशच्या नवीन पनवेलच्या घरी ती बाळावर वाकली, तशी भावजय प्रांजलने पदर नाकाला लावला.

"वन्सं, राग मानू नका. तुमच्या तोंडाला वास येतो. मला मळमळतं."

"मासं इकतंय मी, तोंडाला काय अत्तराचा वास येनार?" हौसा हसली. घरी येऊन मात्र तिने तळहातावर फुंकर मारून हुंगलं.

बारशाला सात दिवस हातात होते. तिने औषधाच्या दुकानातून गुळण्यांची लाल बाटली आणली. जीभ भाजल्यासारखी झोंबायची. तासभर तोंड गार, मग पुन्हा तेच. शेजारची कमळी म्हणाली, "बाटलीनं दात काले परतान. झारपाल्याचा काढा घे." मग बाभळीची साल, कडुलिंब, लवंग उकळून काढा केला. त्याने हिरड्यांचं रक्त जरा थांबे, वास नाही. शेवटी सकाळी बाटली, संध्याकाळी काढा. आणि प्रत्येक गुळणीनंतर तोंड लख्ख व्हावं म्हणून ती डबीतली मशेरी बोटाने दातांना चोळायची. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. देवाचं नाव घ्यायच्या आधी तोंड मशेरीनेच धुवायचं, हे आईने शिकवलेलं.

दहाव्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आरसा धरला. दातांच्या मुळाशी दगडासारखं कीटण चढलेलं.

"मावशी, हे ना बाटलीने निघतं, ना काढ्याने. खरवडावं लागेल. पुढचे चार दात तर काढावेच लागतील. मशेरी लावता?"

"लावतंय ना. दिसातनं चार येला. घान नाय ठेवत मी तोंड."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "तीच हिरड्या खातेय तुमच्या. आजपासून बंद करा."

"परवा बारसं हाय. तवर वास जाईल?"

"नाही, मावशी."

बारशाला ती नवं लुगडं नेसून, दाढेत वेलदोडा धरून गेली. पाळण्याशी वाकणार, तोच प्रांजलने नवऱ्याकडे पाहिलं.

"बाय," अंकुश खाली बघत बहिणीला म्हणाला, "तू दोरी धर. नाव प्रांजलची बहीण दिपा सांगेल."

हौसाने दोरी धरली. दिपा वाकली, कुर्रर्र केलं. बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. मग सगळ्यांनी पाळणा म्हणायला सूर लावला. हौसाला त्यातली ओळन् ओळ पाठ होती. अंकुशला तिने याच ओळींवर निजवलं होतं. ती दोरी ओढत राहिली; ओठ मात्र तिने उघडले नाहीत.