थोरलीची वरची मूठ

थोरलीनं माप कधी काठाला तोडलं नाही. पायली भरली की ती वर शीग चढवायची, शीग घसरायला लागली की आणखी एक मूठ घालायची आणि माझ्या आईला म्हणायची, "ही वरची मूठ तुझ्या पोराची." ते पोर म्हणजे मी. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात सगळ्यात मोठं खळं तिचं आणि सगळ्यात मोठा आवाजही तिचाच. गाव तिला थोरली म्हणायचं, तोंडावर मात्र 'थोरल्या बाई'. आई तिच्या शेतात राबायची. आम्ही बौद्ध झालो तेव्हा गावकीची कामं सगळी सोडली, पण थोरलीचं खळं सुटलं नाही. पोट कुठं सुटतं?

सकाळी ओट्यावर मिसरी लावत बसलेली असली की ती मला हाक मारायची, "ये रं मास्तरा, ताक पिऊन जा." मी तेव्हा चौथीत होतो. मला मास्तर म्हणणारं गावातलं पहिलं माणूस ती. ताक ती वरून ओतायची आणि मी खाली ओंजळ धरायचो. आज लिहिताना ते टोचतं. तेव्हा ताक गोड लागायचं, खोटं कशाला सांगू?

तिची एक खोड होती. मागितल्याशिवाय ती देत नसे. सूप भरून हातात तयार असायचं, तरी आईच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. "बोल की गं सखे, काय पायजे?" आई पदर पुढं करून म्हणायची, "बाई, थोडी ज्वारी घाला." मग थोरलीचा चेहरा असा उजळायचा की विचारू नका. माझी मॅट्रिकची फीसुद्धा तिनंच भरली, पण भर अंगणात, गडीमाणसांसमोर. "मोठ्यानं माग की. इंग्लिश वाचतूस, मागताना आवाज कुठं जातो रं?" सगळे हसले, मीही हसलो आणि मोठ्यानं मागितलं. तिनं फी दिली आणि वर पेनालाही पैसे दिले.

मग माझा मोठा भाऊ पलटणीत भरती झाला. त्याच्या पगारातला वाटा दर महिन्याला तिकडून परस्पर आईच्या नावावर येऊ लागला. पहिल्या मनिऑर्डरीला पोस्टमन दारात येऊन ओरडला, "सखुबाई भिवाजी कोन हाय?" आई म्हणाली, "न्हाई बा, हितं तसं कुनी न्हाई." जन्मभर 'सखे' ऐकलेलं. आपलं अख्खं नाव तिच्या ओळखीचंच नव्हतं.

त्या पैशानं आमची माडी उठली नाही. मीठ-मिरची रोखीनं येऊ लागली. घोडेगावच्या बाजारातून आईनं एक शेळी आणली आणि घरात दुधाचा चहा झाला. मी नगरला कॉलेजात गेलो. आई थोरलीच्या शेतात मजुरीला जातच होती, पण दिवस मावळला की पदर पुढं करायला मागं थांबेनाशी झाली. काम संपलं की सरळ घर. सुट्टीत मी दिसलो की थोरली विचारायची, "सखीला आमची ज्वारी कडू लागाया लागली का रं?" मी हसण्यावारी न्यायचो.

बहात्तरचा दुष्काळ आला. शेतातली मजुरी गेली, धान्य महागलं. आई आणि माझ्या दोन बहिणींचं भावाच्या पैशात भागेना. गावाशेजारी सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं, तिथं मुकादम थोरलीचा पुतण्या. आई घमेलं घेऊन ओळीत उभी राहिली, तर त्यानं तिला बाहेर काढलं. "तुमच्याकडं मनिऑर्डर येती. गरिबाच्या पोटावर कशाला पाय देता?"

"मंग मी कोन हाय रं? सावकारीन?" आई म्हणाली.

तो मान खाली घालून पुटपुटला, "काकीचं सांगनं हाय."

मी तेव्हा सुट्टीवर आलेलो. माझा विश्वासच बसेना. तसाच ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"थोरल्या बाई, आईचं नाव तुम्ही काढायला लावलं?"

"लावलं." तिनं लपवलं नाही. "तुझी आई माझ्या दारावरनं रोज सरळ जाती. तलाव निघाला तवा एकदा यायचं, म्हनायचं, बाई, माझं नाव घाला. मी न्हाई म्हनले असते? तुला कवा न्हाई म्हनले?" तिचे डोळे भरून आले होते. दगा आम्हीच दिला, असं तिला खरोखर वाटत होतं. "जा, पाठव तिला. आत्ता घालाया लावते."

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "सरकारी कामाला तिच्या दारात कशाला जायाचं?" पुढच्या बाजारी तिनं शेळी विकली आणि पलीकडच्या गावाला, रस्त्याच्या कामावर, पायी जाऊ लागली. जिनं मला ताक पाजलं, मास्तर म्हटलं, तिला आमच्या घरात शिजलेलं बघवलं नाही, हे मी आजवर गिळू शकलेलो नाही.

पुढं दुष्काळ सरला आणि मी बी.ए. झालो. आमच्या अख्ख्या भावकीतला पहिला. हे मी सांगतो आणि सांगत राहणार. निकाल कळला त्या दिवशी थोरलीचा गडी सूपभर गहू घेऊन आला. शीग चढवलेली, वर मूठ. न मागता! आई कितीतरी वेळ त्या सुपाकडे बघत बसली. मग डोळे पुसून उठली. कुणाचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं, पण आमच्या घरून तिच्या घरी आजवर काहीच गेलेलं नव्हतं. आईनं दुकानातून गूळ आणवला, आपला हात लागला असं नको म्हणून कागदाचा पुडा न उघडता तसाच सुपात ठेवला. "पोरगं पास झालं, तोंड गोड करा म्हनाव बाईंना."

दुसऱ्या दिवशी तो गडी पारापाशी भेटला. मी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"काय न्हाई म्हनल्या. गूळ बैलांला घाल म्हनल्या."

आई भाकरी थापत होती. मी सांगितलं तशी तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "बैलांचं तरी तोंड गोड झालं," ती म्हणाली.

थोरली जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिला मातीला नेलं तेव्हा आई रडली, मी नाही. तिच्याच तोंडचा 'मास्तर' मी पुढं शाळेत खरोखर झालो. दारात आलेल्याला धान्य घालताना माप भरलं की माझ्या हातून आपोआप आणखी एक मूठ पडते. ती सवय तिची. पण मूठ घालताना मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही.