लिओटाच्या छतावरचे डांबर

ऑर्लिन स्टेनरुड छतावर चढला की त्याचे वय खाली जमिनीवरच राहायचे. खाली तो बहात्तर वर्षांचा, गुडघ्यावर हात ठेवून उठणारा माणूस. शिडीच्या तिसऱ्या पायरीनंतर कोणी वेगळाच. बर्फाळ नॉर्थ डकोटात चाळीस वर्षे त्याने लोकांच्या घरांवर छपरे घातली. बायको गेल्यावर घर विकले, पत्र्याचा एक जुना ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे घर, गाडीमागे जोडला आणि दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या आमच्या वस्तीत येऊ लागला.

आमच्या वस्तीत बेचाळीस ट्रेलर आहेत. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्यासाठी करायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, म्हणून ब्रेक आणि टायर माझ्याकडे. केस कापायला लिओटा प्रुइट. छते ऑर्लिनकडे. बुधवारी सगळे आपापली खुर्ची आणि एकेक पदार्थ घेऊन जमतात. ज्याचे काम झाले तो उभा राहून सांगतो, अमक्याने माझे हे केले. सगळे टाळ्या वाजवतात. तोच आमचा पगार. लांबून बघणाऱ्याला पोरखेळ वाटेल, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला टाळी ऐकू येण्याच्या जागा फार उरलेल्या नसतात.

नोव्हेंबरात लिओटाच्या छतावरचा पंखा बंद पडला. तिचा पलंग बरोबर त्याच्या खाली. वरचे झाकण उन्हाने इतके ठिसूळ झाले होते की ऑर्लिनने हात लावताच त्याचा कोपरा बिस्किटासारखा मोडला. लिओटाने टपालाने नवा पंखा मागवला. ऑर्लिन म्हणाला, अर्ध्या तासाचे काम. मी शिडी धरली.

त्याने कडेचा जुना वाळलेला थर खरवडला, स्क्रू काढले, दोन तारा सोडवल्या आणि पंखा उचलून बाजूला ठेवला. छताला चौकोनी भोक पडले. त्यातून लिओटाचा आवाज वर आला.

"ऑर्लिन, माझ्या अंथरुणात कचरा पाडू नकोस हं. कालच चादर बदललीय."

"विधवेच्या अंथरुणात दुसरं पडायचंय तरी काय?"

"तू खाली ये फक्त. पुढच्या वेळी केस कापायला बसशील तेव्हा कान जागेवर राहतात का बघ."

तो हसला. खोक्यातून एक छापील कागद आणि चिकट पट्टीचे एक वेटोळे निघाले. वेटोळे त्याने कागदासकट माझ्याकडे फेकले. "घे, तुझ्या बसला लाव."

कागद मी वाचला. चिकट पट्टी चौकटीखाली लावा, वरून अमुक लेप घाला, असे लिहिले होते. खाली जाड अक्षरांत, छत रबराचे असल्यास डांबर किंवा तेल असलेले काहीही वापरू नये. मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"वेंडेल, हा कागद लिहिणारा कधी छपरावर चढलाय का? डांबराच्या कमाईवर मी तीन पोरं शिकवली."

तो उतरला आणि गाडीतून काळ्या डांबराचा डबा घेऊन आला. घराच्या छपरावर डांबर म्हणजे सगळे काही. पण लिओटाच्या ट्रेलरचे छत म्हणजे लाकडी फळीवर ताणलेले रबर, सायकलच्या ट्यूबहून थोडेसे जाड. डांबरातले तेल ते हळूहळू खाते. ट्रेलरवाल्याला हे पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी सांगतो. ऑर्लिनचा ट्रेलर पत्र्याचा, इथे त्याच्याकडे आलेली छतेही पत्र्याचीच, त्यामुळे त्याला कधी कोणी सांगितले नसावे. मी एकदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगायला जे लागते ते माझ्यात नव्हते. कडेने त्याने सरळ काळी रेघ ओढली. सुंदर रेघ होती.

बुधवारी लिओटा उभी राहिली. टाळ्या झाल्या. ऑर्लिनने टोपी काढून कमरेतून वाकून दाखवले.

जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला. लिओटा डोळे दाखवायला यूमाला गेली होती. दुसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा गादी पिळून काढावी इतकी भिजलेली, आणि पलंगावरचे छत पोट सुटल्यासारखे खाली आलेले. तिने धावत जाऊन पंख्याचे झाकण आतून बंद करायची मूठ धरली. ती मूठ फिरली, का झाकण आधीच बंद होते, हे नंतर तिला काही केल्या आठवेना.

सकाळी ऑर्लिन वर गेला. मला खालून फक्त त्याचे बूट दिसत होते. बूट बराच वेळ हलले नाहीत. त्याने काय पाहिले ते त्याने मला पुढे सांगितले. पंख्याभोवतीचे रबर भाजलेल्या कातडीसारखे फुगून सुटले होते. त्याने अंगठ्याने दाबले तर चौकटीखालून पाणी आले.

तो उतरला. लिओटा दारात टॉवेल घेऊन उभी होती.

"मीच उघडं ठेवून गेले ना रे झाकण?"

ऑर्लिनने हात पँटला पुसले. हाताला काही लागलेले नव्हते.

"होतं असं कधी कधी, लिओटा," तो म्हणाला.

म्हटले तर तो खोटेही बोलला नव्हता. लिओटाची थोरली बहीण गॅस चालू ठेवून विसरण्यापासून सुरू झाली आणि स्वतःचे नाव विसरून संपली. तेव्हापासून लिओटा स्वतःवर पाळत ठेवून होती. आता तिला हवा तो, म्हणजे नको तो, पुरावा मिळाला. त्या बुधवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझं डोकं जायला लागलंय. तुम्ही लक्ष ठेवा, काही चुकलं तर तोंडावर सांगा." बायका उठून तिच्याजवळ गेल्या. ऑर्लिन ताटात बघत राहिला. मीही माझ्या ताटात बघत राहिलो.

मग तिने टल्साला राहणाऱ्या मुलाला फोन केला. ट्रेलरभर चिठ्ठ्या लागल्या. गॅस बंद. दार बंद. झाकण बंद.

ऑर्लिनने छतावर निळी ताडपत्री बांधली. दोन दिवसांनी माझ्याकडे येऊन कॉफी न पिता बसला.

"तुला तो कागद वाचता येत होता," तो म्हणाला.

"येत होता."

"मग ओरडला का नाहीस?"

"ऐकलं असतंस?"

"नाही." त्याने कप दूर सारला. "चाळीस वर्षांत माझं एक छप्पर गळलं नाही, वेंडेल. एकसुद्धा नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"सांग तिला."

"उद्या सांगतो."

ते उद्या नऊ दिवस चालले. लिओटाचा ट्रेलर माझ्यापासून वीस पावलांवर आहे. ही गोष्ट त्याची आहे, त्यानेच सांगायला हवी, असे मी स्वतःला समजावत होतो. न बोलणाऱ्याला समजूत पटायला वेळ लागत नाही.

शनिवारी मुलगा, रॉयस, ट्रक घेऊन आला. मऊ बोलणारा, थकलेला माणूस. टल्साला एका वृद्धाश्रमात त्याने खोली ठरवली होती. ट्रेलर आहे तसा विकायचा. दुपारपर्यंत अर्धी खोकी ट्रकमध्ये गेली. लिओटा खुर्चीत बसून कुठले खोके कुठे ठेवायचे ते सांगत होती, आणि सांगितलेले बरोबर आहे ना, हे प्रत्येक वेळी त्यालाच विचारत होती.

तेव्हा ऑर्लिन वस्ती ओलांडून आला. टोपी हातात. मी त्याच्या मागे.

"झाकण बंद होतं," तो म्हणाला. "पाणी माझ्यामुळे आलं. मी डांबर लावलं, ते लावायचं नसतं. हिची काही चूक नाही."

रॉयसने खोके खाली ठेवले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याबद्दल आई नेहमी सांगते. असा शेजार नशिबानं मिळतो. पण तुम्ही स्वतःवर घेतलंत म्हणून तिचं दुखणं जाणार नाही हो."

"राहू दे रे ऑर्लिन," लिओटा म्हणाली. "तुझा चांगुलपणा कळला मला."

शिव्या खायच्या तयारीने आलेल्या माणसाच्या हातात कोणी फुले द्यावीत, तसा तो उभा राहिला. तो तिथेच थांबू शकला असता. आपण बोललो, त्यांनी मानले नाही, असे म्हणून घरी जाऊ शकला असता. क्षणभर मला वाटले, जाईल. खरे तर त्याने जावे असे वाटले.

"वर चल," तो रॉयसला म्हणाला.

त्याने शिडी लावली, वर जाऊन ताडपत्री ओढून फेकली आणि रॉयसला गुडघ्यांवर बसवले. "इथं दाब. अंगठ्यानं. अजून दाब." सुटलेले रबर सायीसारखे रॉयसच्या बोटांबरोबर वर आले, आणि बोटे काळी झाली. "पाणी हे असं, कडेनं गेलं. आता मधलं झाकण उघडून आतली जाळी बघ. धूळ आहे ना? कोरडी? पाऊस मधून पडला असता तर हिचा चिखल झाला असता." त्याचा आवाज खालीपर्यंत येत होता. "पाऊस थांबला त्या सकाळीच मी हे बघितलं होतं."

रॉयस बोटांवरचे काळे बघत राहिला. बोलली ती खालून लिओटा.

"खाली ये."

तो आला.

"त्या सकाळी बघितलंस. आणि मग मी तुला विचारलं."

"हो."

"दारात उभी राहून विचारलं."

"हो, लिओटा."

"अकरा रात्री मी नातवंडांची नावं घोकत झोपलेय, ऑर्लिन. आधी मोठ्यापासून, मग धाकट्यापासून. एखादं मागं-पुढं झालं की उठून दिवा लावायचे." तिने आवाज चढवला नाही. "छताचं काही नाही. छपरं गळतात."

"नवं छत घालून देतो. सगळं मी—"

"माझ्या छतावर पुन्हा पाय ठेवायचा नाहीस. माणूस बोलावू आम्ही." ती खुर्चीतून उठली. "मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, माझं डोकं जायला लागलंय. तेव्हा तू समोर बसून जेवत होतास. आता तू सांगायचंस. बुधवारी नाही. बुधवारी लोक टाळ्या वाजवतील, म्हणतील बघा कसा कबूल झाला. एकेका दारी जा. तुझं-माझं सोडून चाळीस दारं आहेत. आत्ता जा."

मग ती मुलाकडे वळली. "खोकी उतरव."

ऑर्लिन पहिल्या रांगेपासून सुरू झाला. मी माझ्या खिडकीतून बघत होतो. टोपी काढायची, दार वाजवायचे, दोन वाक्ये बोलायची. कोणी हसून त्याची पाठ थोपटायचे, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागायचे. एका बाईने त्याच्या हातात केकचा तुकडा दिला. तो तसाच हातात धरून त्याने पुढची तीन दारे केली.

माझे दार तेविसावे.

"वेंडेल, लिओटाचं झाकण बंद होतं. डांबर माझं होतं. मी बघितलं आणि बोललो नाही."

"मला माहीत आहे, ऑर्लिन."

"तिनं प्रत्येक दार म्हटलंय."

तो लगेच गेला नाही. कागद मी वाचला होता, वीस पावलांवर राहत होतो, ताटात मीही बघत बसलो होतो. हे म्हणायला त्याने मला पुरेसा वेळ दिला असे मला आजही वाटते.

"पाणी पितोस?" मी विचारले.

त्याने नाही अशी मान हलवली आणि पायऱ्या उतरला. शेजारच्या दारावर टकटक झाली. पातळ भिंतींची वस्ती आमची, त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. त्यात माझे नाव नव्हते.