देवकाबाईचा हिरवा ठिपका

माणूस नेमका कुठं आहे, हे वरच्या लोकांना कधीच कळत नाही. देवकाबाईला हे लग्नाआधीच समजलं. भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले त्या दिवशी ती अर्जुनीकडच्या आपल्या गावी अंगणात गोवऱ्या थापत बसली होती. बसली भंडारा जिल्ह्यात, आणि गोवऱ्या वाळायच्या आत गेली गोंदिया जिल्ह्यात. पुढं लग्न होऊन लाखनीजवळ आली आणि परत भंडाऱ्यात पडली. "मी तं होती तिथंच होती जी, जिल्हाच पळून गेला," असं सांगून खो-खो हसायची.

मी भूपेंद्र. लाखनीच्या हायवेवर ताराचंद शेठची राईस मिल आहे, तिथं वजनकाट्यावर बसतो. धानाचे ट्रक काट्यावर घ्यायचे आणि ड्रायव्हर लोकांशी भांडायचं, ही माझी दोन कामं. दोन्ही मन लावून करतो. देवकाबाई तीन नंबरच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायची. हातात दाभण, बोटांत सुतळी, आणि स्वतःचं तोंड कधीच न शिवलेलं.

नवरा तापानं गेला तेव्हा लोक म्हणाले, आता भासऱ्याच्या घरी राहा. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, केवळराम. त्याची बायको वारलेली, पोरबाळ नाही, माणूस गरीब गाय. पण देवकाबाईनं सांगून टाकलं, "कोणाच्या चुलीवरचं खानार नाही मी. माझी चूल येगळी, माझा भात येगळा." केवळराम आमच्या मिलमध्ये मुकादम होता. त्यानं शेठला गळ घालून तिला कामावर लावलं. तिची चूल पेटती राहिली ती त्या कामावर. बाकी तिच्याजवळ काही नव्हतं.

आता अडचण पाहा. आमच्याकडं भासरा समोर आला की सून डोक्यावरून पार छातीखालपर्यंत पदर ओढते. तो तिच्याकडं पाहत नाही, ती त्याच्याशी बोलत नाही. मग मुकादमानं काम सांगायचं कसं? केवळरामनं तोड काढली. तो गोदामातल्या लोखंडी खांबाशी बोलायचा. "खांबा, कोपऱ्यातल्या पोत्याची शिलाई ढिली झाली म्हणा." पदराआडून उत्तर यायचं, "खांबा, सुतळीच सडकी आली म्हणा." वर्षानुवर्षं असं चाललं. खांबानं कधी चुगली केली नाही, कधी पगारवाढ मागितली नाही. मिलमधला सगळ्यात शहाणा नोकर तोच.

मग शेठच्या डोक्यात भूत शिरलं की मजूर कामचोर आहेत. नागपूरच्या कुठल्याशा प्रदर्शनातून त्यानं एक यंत्र आणलं, आणि यंत्राबरोबर अंकुश नावाचा इंजिनिअर आला. पोट्टा मूळचा लाखांदूरचा, पण पुण्याचं पाणी लागलेला. आमच्याशी बोलताना असा सावकाश बोलायचा की आम्हाला वाटावं आपण आजारी आहोत.

त्यानं गोदामाच्या छताला नवे दिवे लावले, भिंतींवर छोट्या डब्या बसवल्या आणि सगळ्यांच्या गळ्यात कार्ड अडकवलं. "हे दिवे इतके भराभर लुकलुकतात की डोळ्यांना कळत नाही," तो म्हणाला. "लुकलुकता लुकलुकता प्रत्येक दिवा आपलं नाव सांगतो. कार्डाला पुढून एक डोळा आहे, तो ते नाव वाचतो. भिंतीवरच्या डब्या वायरलेस सिग्नल सोडतात. जवळ असलं की सिग्नल जोरात, लांब गेलं की कमी. दोन्ही जुळवलं की माणूस कुठं उभा आहे ते हातभर फरकानं सांगता येतं."

"दोन-दोन कायले पाह्यजे?" मी विचारलं.

"सिग्नल भिंतीतून पलीकडं जातो, उजेड जात नाही. कार्डाला सिग्नल मिळतो पण उजेड मिळत नाही, म्हणजे माणूस भिंतीपलीकडं."

शेठनं मांडीवर थाप मारली. भिंतीपलीकडं शकुनबाईचं चहाचं हॉटेल होतं.

ऑफिसात मोठा पडदा लागला. त्यावर मिलचा नकाशा, आणि नकाशात माणसांचे हिरवे ठिपके. शेठ गादीवर बसून दिवसभर ठिपके पाहायचा. गोदामात पाय ठेवणं त्यानं बंदच केलं. ज्या माणसाला पूर्वी मजुरांची नावं येत होती त्याला आता त्यांचे नंबर यायला लागले.

आणि देवकाबाईचा ठिपका शकुनबाईच्या हॉटेलात जाऊन बसला! सकाळी हॉटेलात, दुपारी हॉटेलात. शकुनबाई बिचारी ऑफिसात येऊन ओरडली, "अजी, ते बाई चहाच पेत नाही! फुकट देल्ला तरी नाही म्हणते!" शेठ म्हणाला, "मशीन झूठ क्यों बोलेगी?" बरोबरच आहे. खोटं बोलायला तोंड लागतं.

दुसरी गंमत अशी की केवळराम चहाला हॉटेलात गेला की देवकाबाईचा ठिपका टुणकन गोदामात यायचा. तो परत आला की ही पुन्हा हॉटेलात. शेठनं निकाल दिला, "दोघं पाळीपाळीनं चहा पिऊन राहिले!"

तुम्हाला कळलंच असेल. आम्हालाही कळलं होतं, बाप्पा! भासरा गोदामात आला की पदर खाली, पदराखाली कार्ड, कार्डाला अंधार. मी अंकुशला सांगितलं, "भाऊ, पदराचं काम आहे हे." तो म्हणाला, "कपड्यांचा परिणाम आम्ही लॅबमध्ये तपासलाय." लॅबमध्ये सगळे शर्टवाले होते, दुसरं काय!

मग मी देवकाबाईकडं गेलो. "अवं, कार्ड पदराच्या वरून लटकव ना!"

तिनं कार्ड माझ्यासमोर धरलं. कार्डावर तिचा फोटो होता, उघड्या तोंडाचा, हसरा. "तोंड झाकून ठेवू आन् तोंडाचा फोटू भासऱ्यासमोर लटकवू? सोंग आहे का माझं?"

"मग उलटं घाल."

"डोळा फोटूच्याच बाजूनं आहे."

बाईचं बरोबर होतं, आणि बाई बरोबर असली की माझं डोकं जास्तच तापतं.

दिवाळीच्या तोंडावर शेठनं जाहीर केलं की पोती शिवायचं मशीन येणार, चारच बाया ठेवणार. ज्यांचे ठिपके गोदामात कमी दिसले त्यांना घरी. देवकाबाईचं नाव सगळ्यात खाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा न बोलता शिवत बसली, आणि मला त्या गप्प गोदामाची भीती वाटली. आता ती जेवणार कुणाच्या चुलीवर, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला तर होतंच.

काम आटपून परत जाण्याआधी अंकुशनं शेवटची तपासणी काढली. त्याचं म्हणणं, दोष केवळराममध्ये आहे. त्याच्या अंगावरचा धातू उजेड खातो. मग केवळरामची तंबाखूची डबी काढली. हातातलं कडं काढलं. चांदीचा करदोडा काढायला लावला तेव्हा म्हातारा दोन्ही हातांनी धोतर धरून उभा राहिला. शेठ खूप महिन्यांनी गोदामात आला होता, तो पाहत होता. अंकुशनं हातातला छोटा पडदा समोर धरला आणि म्हणाला, "आता देवकाबाईंकडं चालत जा."

केवळराम चालला. देवकाबाईनं पदर ओढला. ठिपका हॉटेलात.

"धातू नाही तरी खातो!" अंकुश म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहू लागला.

शेठ वैतागला. "केवळराम, तू इधर दिनभर खडा रहता है. खरं सांग, ही बाई गोदामात असते का नाही?"

केवळरामनं मान खाली घातली. "मी तिच्याकडं पाहत नाही जी."

"इतने साल में एक बार भी नहीं देखा?"

"नाही जी."

"बस, मग! मशीन म्हणते नाही, मुकादम म्हणतो पाहिलं नाही."

मला इतका राग आला की वाटलं शेठलाच उचलून काट्यावर टाकावं. अरे, बाई तुझ्यासमोर उभी आहे! पण गोदामात सगळे पडद्याकडं पाहत होते, तिच्याकडं कुणीच नाही. पदराच्या आत ती हुंदका दाबत होती, तो मला ऐकू येत होता.

मग केवळराम खांबाजवळ गेला. एका हातानं धोतर सांभाळत, दुसरा हात खांबावर ठेवून म्हणाला, "खांबा, शेठले सांग. मी इथं असलो तं ते बाई या लोकायले दिसत नाही. म्हणून मीच जाऊन राहिलो म्हणा. मले बाहेर आवारात ट्रकवर टाका म्हणा."

आणि गेला. डबी, कडं, करदोडा तिथंच राहिलं.

तो दाराबाहेर पडला तसा देवकाबाईनं पदर मागं सारला. डोळे लाल, नाक लाल. आणि गोदामाच्या बरोबर मधोमध तिचा हिरवा ठिपका उगवला. अंकुश पडद्याकडं पाहत राहिला, मग तिच्याकडं. "माझी आईपण मोठ्या काकांसमोर..." एवढंच बोलला आणि त्याचे कान लाल झाले. तरी अहवालात त्यानं लिहिलं ते असं: मुकादमास हलविल्यावर यंत्रणा निर्दोष चालते.

देवकाबाई कामावर राहिली. केवळराम आवारात, उन्हात, ट्रकवर. पण आवारात दिवे कुठून असणार? सिग्नल आहे, उजेड नाही, म्हणजे हॉटेलात. भर दुपारच्या उन्हात उजेड नाही! मी अंकुशला फोन करून झापलं. तो म्हणाला, "दादा, सूर्य आपलं नाव सांगत नाही ना. यंत्र त्याला ओळखत नाही." देवकाबाई शेठच्या दारात जाऊन दोनदा भांडली. शेठ पडद्याकडं बोट दाखवायचा. होळीच्या आधी दिवसभर हॉटेलात बसणाऱ्या केवळरामला शेठनं काढून टाकलं.

मी त्याला भेटायला संध्याकाळी गेलो तर घराला कडी. शेजारी देवकाबाईच्या घरातून उजेड येत होता. आत डोकावलो. केवळराम भिंतीकडं तोंड करून जेवत बसला होता. चुलीपाशी देवकाबाई, छातीखालपर्यंत पदर. मध्ये छताला टेकू दिलेली लाकडी थूनी.

केवळरामचं ताट रिकामं झालं. तो थूनीला म्हणाला, "पोट भरलं म्हणा."

पदराआडून आवाज आला, "खांबा, खोटं कायले बोलून राहिला म्हणा. इतक्यात पोट भरते का?" आणि तिनं न पाहता पळीभर भात वाढला. तो बरोब्बर ताटातच पडला.