भाऊजींना सांधा पास करता येईना

माझे धाकटे दीर कारखान्यात वाफेच्या पाइपांचे सांधे तपासायचे, तेही पाइप न कापता. सांध्याला जेल फासायचं, त्यावरून बोटाएवढा प्रोब फिरवायचा. कानाला ऐकू न येणारा आवाज धातूत शिरतो, आत भेग असली की तिच्यावर आपटून परत येतो आणि पडद्यावरची रेघ उसळते. वेल्डर मंडळी त्यांना डॉक्टरच म्हणायची.

"काय डॉक्टर, मुलगा की मुलगी?"

"जुळं आहे. कापावं लागणार," भाऊजी मान वर न करता म्हणायचे, की हसणाऱ्याचं तोंड उतरलंच.

चांगल्या सांध्यातही आतल्या कडेवरून रेघ थोडी उसळतेच. ती भेग नसते. गेल्या वर्षी एका सांध्यात ती नेहमीच्याच जागी उसळली. सांधा घातलेला सगळ्यांत सफाईदार हाताच्या वेल्डरनं. 'कडच आहे' म्हणून भाऊजींनी पास केला. भेग नेमकी कडेला चिकटून होती. पाइप फुटला, खाली उभा असलेला फिटर वाफेनं भाजला. वाचला नाही. चौकशीत साहेबांनीच सांगितलं, इथं कुणीही चुकलं असतं. भाऊजींना त्याचा काडीचा आधार झाला नाही.

मग हाती येईल तो सांधा नापास. कापून बघावं तर आत काही नाही. वेल्डर वैतागले. "डॉक्टर, एखादं तरी धडधाकट जन्माला येऊ द्या की!" शेवटी साहेबांनी त्यांना पुन्हा परीक्षेला बसवलं. पास झाले तर हे काम, नाहीतर गोदाम.

निघताना मी म्हटलं, "भाऊजी, देवाचं नाव घ्या आणि दिसेल तेच लिहा."

"दिसतं हो वहिनी. दिसतं ते खरं वाटत नाही."

परीक्षेला मुद्दाम भेगा ठेवून सांधलेल्या पोलादी पट्ट्या देतात. त्यांत एक निर्दोष असते. भाऊजींनी सगळ्या भेगा बरोबर शोधल्या. त्या एका पट्टीवरून मात्र प्रोब फिरवतच राहिले.

"काही नसेल तर नाही म्हणून लिहा," परीक्षक म्हणाले.

भाऊजींनी कडेच्या जागी भेग लिहिली.

"ती पट्टी चांगली होती, मला कळत होतं," घरी आल्यावर म्हणाले. "हात धजेना."

आता ते गोदामात बसतात. मी देवापुढे हात जोडते, पण मागू काय? गेलेला माणूस परत यायचा नाही, आणि त्याशिवाय भाऊजींचं मन काही निवायचं नाही.